कै. मिस कॉर्नेलिया सोराबजी, बॅरिस्टर

शाळेंतील शेवटचें वर्ष संपत आलें कीं मुलांच्या हातीं दोन प्रकारचे कागद येतात. एक परीक्षेची प्रश्नपत्रिका व दुसरा पुढील प्रवेशाचा अर्ज. पहिल्याची तयारी वर्षभर चाललेली असते. दुसऱ्याची बहुधा कोणीच केलेली नसते. त्यांतहि कायद्याच्या अभ्यासासाठीं परदेशच्या एखाद्या विद्यापीठाकडे अर्ज करावयाचा असल्यास नांव, गांव व गुण एवढ्यावर भागत नाहीं. आपण कोण, कोणत्या घरांतून आलों, आणि इतर सर्व विद्या सोडून कायदाच कां शिकूं इच्छितों, हें स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावें लागतें. मग मुलें गोंधळतात, आणि पालक ओळखीच्या कोणाच्या तरी मुलाचा जुना अर्ज नमुन्यादाखल मागून आणतात. ज्या बाईंची जीवनकथा येथें सांगावयाची आहे, त्यांना नमुन्यादाखल पाहावयास असा एकहि अर्ज नव्हता. कारण त्यांच्यापूर्वीं तसा अर्ज आपल्या देशांतील कोणत्याहि स्त्रीनें केलेलाच नव्हता. आणि हा एकच प्रश्न त्यांना एकदां नव्हे, तर जवळजवळ पस्तीस वर्षें निरनिराळ्या दारांशीं विचारण्यांत आला.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1866 रोजीं नाशिक येथें झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे तरुणपणीं पारशी समाजांतून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक होते. आई फ्रान्सिना यांना फोर्ड नांवाच्या एका इंग्रज दांपत्यानें आपल्या मुलीप्रमाणें वाढविलें होतें. त्या घरच्या लेडी कॉर्नेलिया फोर्ड यांचेंच नांव पुढें या मुलीला ठेवण्यांत आलें. धर्म बदलला तरी घरांतील पारशी पेहराव व पुष्कळशा चालीरीति तशाच राहिल्या होत्या. घरांत बहिणी पुष्कळ, भाऊ मात्र एकच. लहानपणाचीं कांहीं वर्षें बेळगांवांत गेलीं व त्यानंतर कुटुंब पुण्यास स्थायिक झालें. पुण्यांत आईनें शाळा चालविल्या. त्यांतील व्हिक्टोरिया हायस्कूलमध्यें निरनिराळ्या जातिधर्मांचीं मुलें एकत्र शिकत असत. मुलगी आहे म्हणून तिचें शिक्षण कोठें तरी थांबवावें, ही कल्पना त्या घरांत कोणाला शिवली नव्हती.

या घरीं आईकडे सल्ला विचारावयास बायका येत. बाईंनीं उतारवयांत लिहिलेल्या आठवणींत त्यांतील एका भेटीची हकीकत दिली आहे. काठेवाडकडची एक श्रीमंत विधवा भेटीस आली होती. ती पडद्यांत राहणारी. परपुरुषासमोर येणें तिला वर्ज्य. तिच्या मिळकतीची सर्व व्यवस्था कारभाऱ्याच्या हातीं होती. त्या कारभाऱ्यानें तिच्याकडून एका कोऱ्या कागदावर सही घेतली, आणि पुढें त्याच कागदावर सारी मिळकत आपल्या नांवें करून घेतली. बाईला वकील गांठावा असें वाटलें तरी वकील सगळे पुरुष. त्यांच्याशीं बोलावयाचें म्हणजे पुन्हा कोणी तरी मध्यस्थ पाहिजे, आणि तिचा मध्यस्थ तर हाच कारभारी. ही हकीकत ऐकणारी मुलगी त्या वेळीं लहान होती, पण अशा बायकांच्या उपयोगीं पडावयाचें तर कायदा शिकला पाहिजे, ही गोष्ट तिच्या मनांत तेव्हांच रुजली. तेव्हांपासून तिला हा प्रश्न कोणीहि विचारला तरी तिचें उत्तर त्या एका कोऱ्या कागदापाशींच येऊन थांबे.

मुंबई विद्यापीठानें 1883 सालीं स्त्रियांना पदव्यांचें दार मोकळें केलें आणि कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत दाखल झाल्या. (येथून पुढें त्यांना बाई म्हणणेंच योग्य.) त्या कॉलेजांत त्यांच्यापूर्वीं एकहि विद्यार्थिनी आलेली नव्हती. वर्गांतील कांहीं तरुणांनीं त्यांना व्याख्यानास बसूं न देण्यासाठीं तोंडावर दार लावून घेण्यापर्यंत मजल मारली होती. त्याच सुमारास मुंबईच्या न्यायालयांत रखमाबाईंचा खटला गाजत होता व शिकलेल्या स्त्रीविषयीं वर्तमानपत्रांतून काय काय लिहिलें जात होतें, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना या दार लावण्याचें फारसें नवल वाटणार नाहीं. बाईंनीं त्यावर गवगवा केला नाहीं. पदवीपरीक्षेंत पहिला वर्ग मिळवून कॉलेजांत पहिला क्रमांक पटकाविला. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री-पदवीधर होत.

अशा यशस्वी विद्यार्थ्यास विलायतेंत शिकण्यासाठीं सरकारी शिष्यवृत्ति मिळत असे. येथें गुण हजर होते, क्रमांक हजर होता. पण शिष्यवृत्ति नाकारण्यांत आली. कारण एवढेंच कीं ती स्त्रीला देतां येत नाहीं. पहिला अर्ज असा फुकट गेला.

बाई मग अहमदाबादच्या गुजरात कॉलेजांत इंग्रजी शिकवूं लागल्या. हें वर्ष 1888. म्हणजे ज्या वयाच्या तरुणांनीं पुण्यांत त्यांच्या तोंडावर दार लाविलें, त्याच वयाच्या तरुणांना त्या अहमदाबादेस धडे देत होत्या. इकडे विलायतेंत त्यांची बाजू दुसऱ्यांनीं उचलून धरली. लेडी हॉबहाउस यांनीं लंडनच्या टाइम्स पत्रांत त्याच वर्षीं एक पत्र लिहून या मुलीची हकीकत लोकांपुढें मांडली, आणि सरकारनें न दिलेल्या शिष्यवृत्तीच्या बदलीं लोकांनीं ती द्यावी अशी विनंति केली. वर्गणी जमली. देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. मुंबई इलाख्यांत अनेक वर्षें अधिकारावर राहिलेले व काँग्रेसचे हितचिंतक सर विल्यम वेडरबर्न होते. आपल्याविषयींचें निवेदन दुसऱ्यानें लिहिलें म्हणजे त्यांत आपली थोडी अधिक स्तुति होते व आपण थोडे निराळे दिसूं लागतों, हा अनुभव बाईंना या वेळीं आला असावा. पैसे देणाऱ्यांच्या अपेक्षांचें ओझेंहि त्याबरोबर येतेंच.

1889 सालीं त्या ऑक्सफर्डला पोंचल्या व सॉमरव्हिल हॉल या स्त्रियांच्या संस्थेंत राहूं लागल्या. आरंभीं त्यांना इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासाकडे वळविण्यांत आलें. स्त्रीनें कायदा शिकून करावयाचें काय, ही अडचण तेथील लोकांनाहि खरीच वाटत होती. कारण त्या वेळीं साऱ्या ब्रिटिश साम्राज्यांत कोणतेंहि न्यायालय स्त्रीला वकील म्हणून उभें करीत नव्हतें. परंतु बॅलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जाउएट यांची त्यांच्यावर कृपादृष्टि झाली. हे वृद्ध गृहस्थ मोठे विद्वान व ऑक्सफर्डमध्यें वजनदार. त्यांच्या साहाय्यानें बाईंचा कायद्याचा अभ्यास मार्गीं लागला. ऑल सोल्स कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयांत कायद्याचे ग्रंथ विपुल, पण तेथें तोंवर स्त्रीचें पाऊल पडलेलें नव्हतें. 1890 सालीं त्या कॉलेजचे प्रमुख सर विल्यम अॅन्सन यांनीं त्यांना तेथें वाचावयास बसण्याची परवानगी दिली.

1892 सालीं बी. सी. एल. ही कायद्याची वरची परीक्षा आली. अभ्यास झालेला, फी भरण्याची तयारी. पण परीक्षेस बसूं द्यावें कीं नाहीं हाच वाद. लंडनचे एक परीक्षक स्त्रीची परीक्षा घेण्यास तयार नव्हते. पुरुष विद्यार्थ्यांबरोबर एकाच दालनांत न बसवितां वसतिगृहांतच निराळें बसवावें, अशीहि एक सूचना होती. अशी वेगळी घेतलेली परीक्षा पुढें कोणी खरी मानणार नाहीं, हें बाईंनीं ओळखलें होतें. त्यांनीं विनंतिअर्ज केला, स्नेह्यांनीं खटपट केली, आणि परीक्षेच्या अगदीं तोंडावर विद्यापीठानें खास ठराव करून त्यांना इतरांबरोबर बसण्याची मोकळीक दिली. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. वर्ग तिसरा मिळाला. हा तिसरा वर्ग कांहीं चरित्रकार हलकेच वगळतात. तसें करण्याचें कारण दिसत नाहीं. ज्या विद्यार्थ्याला शेवटच्या दिवसापर्यंत आपण परीक्षेस बसणार कीं नाहीं याचीच खात्री नाहीं, त्यानें मिळविलेला तो वर्ग आहे. परीक्षा पास झाली, पण पदवी नाहीं! ऑक्सफर्ड त्या काळीं स्त्रियांस पदव्या देत नसे. ती मिळण्यास आणखी तीस वर्षें जावयाचीं होतीं.

लंडनमधील ली अँड पेंबर्टन या सॉलिसिटरांच्या पेढींत कांहीं दिवस काम शिकून बाई 1893 सालीं स्वदेशीं परतल्या. आतां तो काठेवाडचा प्रश्न पुन्हा समोर आला. पडद्यांतल्या बायकांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, नाहीं तर पुढील हकीकतीचें मर्म समजणार नाहीं. बंगाल, बिहार, संयुक्त प्रांत, काठेवाड इत्यादि भागांत मोठ्या घराण्यांतील स्त्रिया जनानखान्यांत राहत. कित्येक जहागिरी व जमीनदाऱ्या विधवांच्या किंवा अज्ञान मुलांच्या नांवें असत, पण मालकिणीनें आपली जमीन कधीं डोळ्यांनीं पाहिलेली नसे. दस्तऐवजावर सही किंवा शिक्का पडद्याआडून होई. न्यायालयांनींहि हें ओळखून एक नियम घालून दिला होता कीं, अशा स्त्रीनें केलेल्या दस्तऐवजाचा लाभ ज्याला मिळतो त्यानें, तो दस्तऐवज तिला नीट समजावून देण्यांत आला होता व तिनें तो समजून केला होता, हें शाबित करावें. नियम उत्तम. पण तिनें न्यायालयापर्यंत पोंचावें कसें?

बाई संस्थानी दरबारांतून व एजन्सीच्या कचेऱ्यांतून अशा स्त्रियांची बाजू मांडूं लागल्या. तेवढ्यापुरती खास परवानगी त्यांना मिळाली होती. या दिवसांतील एक गमतीची गोष्ट त्यांनींच सांगितली आहे. एका संस्थानांत त्यांचा अशील चक्क एक हत्ती होता. त्याच्या निर्वाहासाठीं पूर्वीं लावून दिलेलें उत्पन्न राजानें बंद केलें होतें, आणि न्याय देणाराहि तोच राजा! बाई सगळीं कागदपत्रें तयार करून गेल्या. राजेसाहेब झोपाळ्यावर बसले होते व त्यांचा कुत्रा जवळ होता. बाईंनीं तोंड उघडण्यापूर्वींच निकाल त्यांच्या बाजूनें लागला, कारण कुत्र्याला बाई आवडल्या होत्या. हत्तीचें काम झालें. परंतु वकिलाला अशा जयानें समाधान वाटत नाहीं, आणि बाईंनाहि वाटलें नाहीं. जेथें कुत्र्याच्या मर्जीनें जिंकतां येतें तेथें उद्यां त्याच मर्जीनें हरावेंहि लागेल.

म्हणून ब्रिटिश न्यायालयांत रीतसर उभें राहण्याचा हक्क त्यांना पाहिजे होता. फौजदारी कायद्यांत न्यायाधीशाच्या परवानगीनें आरोपीची बाजू सनद नसलेल्या व्यक्तीसहि मांडतां येत असे. या फटींतून 1896 सालीं पुण्याच्या सेशन्स कोर्टांत खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीच्या बचावास त्या उभ्या राहिल्या व ती स्त्री निर्दोष सुटली. मग हक्कासाठीं जी जी परीक्षा सांगावी ती ती त्यांनीं दिली. मुंबई विद्यापीठाची एल्एल्. बी. 1897 सालीं, अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा 1899 सालीं. दोन्ही उत्तीर्ण. अलाहाबादेस त्यांचे बंधु बॅरिस्टर होते. भावाला उघडें असलेलें दार बहिणीला मात्र बंदच राहिलें. न्यायाधीशांनीं त्यांची नोंद करण्याचें नाकारलें.

येथें बाईंच्या अर्जांत एक फरक पडलेला दिसतो, आणि माझ्या मतें त्यांच्या आयुष्याचा खरा सांधा तोच आहे. आतांपर्यंत त्यांच्या अर्जाचा भर स्वतःच्या पात्रतेवर होता : मी पहिली आलें, मी परीक्षा दिली, मला हक्क द्या. पात्रता कोणी नाकारीत नव्हतें; म्हणूनच तिचा उपयोग होत नव्हता. 1902 च्या सुमारास त्यांनीं इंडिया ऑफिसपुढें व टाइम्स पत्रांतून जी योजना मांडली तींत स्वतःचें नांव मागें होतें आणि पडद्यांतल्या बायका पुढें. सरकारचें कोर्ट ऑफ वॉर्डस् हें खातें अज्ञान वारसांच्या व विधवांच्या इस्टेटी सांभाळीत असे. खात्याचे सर्व अधिकारी पुरुष. त्यांना ज्या मालकिणीच्या वतीनें कारभार करावयाचा तिला ते भेटूंहि शकत नाहींत. तेव्हां जनानखान्यांत जाऊं शकेल, दोन्हीकडची भाषा जाणेल व कायदा समजावून सांगेल अशी एक स्त्री-सल्लागार नेमणें ही सरकारचीच गरज आहे, असें त्यांनीं दाखवून दिलें. यावरहि दोन वर्षें पत्रव्यवहार चालला. पण 1904 सालीं बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्डस् मध्यें त्यांची नेमणूक झाली, आणि थोड्याच वर्षांत बिहार, ओरिसा व आसाम हे भागहि त्यांच्याकडे आले.

पुढलीं सुमारें अठरा वर्षें त्यांच्या आयुष्यांतील भरभराटीचीं. कधीं आगगाडीनें, कधीं होडीनें, कधीं पालखींतून त्या आडवळणाच्या गढ्यांपर्यंत जात. सासूसुनेचे तंटे, दत्तकाचे वाद, अज्ञान राजपुत्राचें शिक्षण, विधवेचें थकलेलें पोटगीचें देणें, सगळें त्यांच्यापुढें येई. कांहीं ठिकाणीं घरांतील माणसें त्यांना वैरीण समजत. कारण जेथें एखादी बाई आपला हिशेब मागूं लागते तेथें कोणाचा तरी हिशेब चुकलेला असतोच. एकंदर सहाशेंहून अधिक स्त्रिया व अनाथ मुलें यांना त्यांनीं मदत केली असें सांगतात. कित्येकदां कांहींहि मोबदला न घेतां. 1909 सालीं त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळालें.

इतकें असूनहि वकिलीची सनद नव्हतीच. या काळांत दुसऱ्याहि स्त्रिया त्या दाराशीं येऊं लागल्या होत्या. 1916 सालीं कलकत्त्याच्या हायकोर्टापुढें रेजिना गुहा यांचा अर्ज आला. 1879 च्या वकिलांविषयींच्या कायद्यांत व्यक्ति असा शब्द होता, आणि कायद्यांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश होतो असा सर्वसाधारण नियमहि होता. परंतु कायदा करणाऱ्यांच्या मनांत तेव्हां स्त्रिया नव्हत्या, असें म्हणून न्यायाधीशांनीं अर्ज फेटाळला. पुढें पाटण्यास सुधांशुबाला हाजरा यांचीहि तीच गत झाली. मात्र अलाहाबाद हायकोर्टानें ऑगस्ट 1921 मध्यें कॉर्नेलियाबाईंचें नांव आपल्या यादींत घेतलें. बावीस वर्षांपूर्वीं ज्यांनीं नाहीं म्हटलें होतें तेंच हें न्यायालय. 1923 सालीं स्त्रियांना वकिली करण्याची मुभा देणारा कायदा सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं मंजूर झाला.

तिकडे विलायतेंतहि 1919 च्या कायद्यानें स्त्रियांना बॅरिस्टर होण्याचा मार्ग मोकळा झाला होता, व ऑक्सफर्ड 1920 पासून स्त्रियांस पदव्या देऊं लागलें होतें. बाई सरकारी नोकरींतून निवृत्त होऊन तेथें गेल्या, 1892 सालीं मिळविलेली पदवी 1922 सालीं हातीं घेतली, आणि 1923 सालीं लिंकन्स इन मधून बॅरिस्टर झाल्या. त्या वेळीं त्यांचें वय छप्पन्न वर्षांचें होतें. त्याच लिंकन्स इन मधून मुंबईच्या मिठन टाटा या तरुणी त्याच वर्षाच्या आरंभीं बॅरिस्टर झाल्या. एकीला जें मिळावयास तीन तपें लागलीं तें दुसरीला अभ्यास संपतांच मिळालें. आणि यांत पहिलीच्या वाटचालीचा वांटा नाहीं असें कोण म्हणेल?

कलकत्त्यास परत येऊन 1924 पासून त्यांनीं वकिली आरंभिली. पण ज्या दिवसांची इतकी वाट पाहिली ते दिवस कांहीं सुखाचे गेले नाहींत. न्यायालयांत उभें राहून युक्तिवाद करण्याचीं कामें त्यांच्याकडे फारशीं येत नसत. बहुतेक वेळां कागदपत्रें पाहून मत लिहून देण्यावरच समाधान मानावें लागे. 1929 सालीं त्यांनीं वकिली सोडली व लंडनला वास्तव्य केलें.

त्यांच्या राजकीय मतांविषयीं मौन पाळणें बरोबर होणार नाहीं. इंग्रजी राज्य या देशास हितकर आहे असें त्यांचें मत होतें. गांधीजींच्या चळवळीस त्यांनीं उघड विरोध केला. 1927 सालीं कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंचें मदर इंडिया हें पुस्तक निघून देशभर संतापाची लाट उठली, तेव्हां कॉर्नेलियाबाईंनीं त्या लेखिकेची बाजू घेतली. पुष्कळ स्नेही त्यामुळें दुरावले, आणि ज्या स्त्रीसंस्थांतून त्यांना मान मिळावयाचा त्यांतूनहि त्या एकाकी पडल्या. पडद्यांतल्या बायकांची स्थिति त्यांनीं इतक्या जवळून पाहिली होती कीं स्वराज्य आधीं कीं शिक्षण आधीं, या वादांत त्यांना दुसरी बाजू दिसूंच शकली नाहीं. प्रस्तुत लेखकास त्यांचें हें मत पटत नाहीं. पण तें त्यांनीं कोणाच्या भीतीनें किंवा लोभानें बनविलें असेंहि वाटत नाहीं.

लेखनाची त्यांना आवड होती. पडद्यांतील जीवनावरील कथा त्यांनीं 1901 सालींच प्रसिद्ध केल्या होत्या; पुढें आईवडिलांचें चरित्र, पुण्यांत सेंट हेलेनाज् ही शाळा काढणाऱ्या बहीण सूझी यांचें चरित्र, आणि 1934 सालीं स्वतःच्या आठवणी लिहिल्या. त्या आठवणींतूनच ती काठेवाडची विधवा व तो हत्ती आपल्याला भेटतात. उतारवयांत दृष्टि फार अधू झाली. 6 जुलै 1954 रोजीं लंडन येथें, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें.

2012 सालीं लिंकन्स इन मध्यें त्यांचा अर्धपुतळा बसविण्यांत आला. त्यांचीं पत्रें, रोजनिश्या व कामाचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत जतन केलेले आहेत, आणि अभ्यासक तेथें जाऊन ते वाचतात.